अम्मीचे 'अप'चे शब्द

भिगवणच्या बाजारात आमचं मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान आहे. मी बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बीएला गेले, त्याच वर्षी सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या अम्मीनं बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. अब्बा एवढंच म्हणाले, "दुपारचं दुकान मी बघतो. तू पुस्तक घेऊन आत बस."

गणित तिला दुकानामुळं सोपं गेलं. अडलं ते इंग्रजीत. संध्याकाळच्या एसटीनं मी घरी आले, की आम्ही दोघी जाळ्यांच्या गठ्ठ्यांवर बसायचो.

एकदा मी म्हटलं, "सुटे शब्द पाठ करू नकोस. शब्दाच्या सुरुवातीला 'अप' लागलं की अर्थ बहुतेक वर जातो."

"वर कसा जाईल? अपमान, अपयश, अपघात. अप लागलं की वाटोळंच हाय."

"ते आपलं अप. इंग्रजीतलं वेगळं."

मग अपहिल म्हणजे चढाचं, अपलिफ्ट म्हणजे वर उचलणं, असं चालू झालं. अपराइट म्हणजे ताठ उभा, आणि सरळमार्गी माणूससुद्धा, हे तिला फार आवडलं. "मग तुझे अब्बा अपराइट हायत," ती अब्बांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

अपसेटपाशी गाडी अडली. "वर ठिवलेलं माणूस नाराज कशापायी हुईल?" दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना विचारलं, तेव्हा कळलं की या शब्दाचा अर्थ पूर्वी 'उभं करणं' असाच होता, उलथून पाडणं आणि त्यावरून नाराज होणं हे नंतरचे. अम्मीला ते पटलं.

मग अपरूट आला. "मुळासकट वर ओढून काढणं," मी सांगितलं, "रोप उपटतात तसं."

तिच्या माहेरचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ती लहान होती.

"माझ्या बापानं दाराच्या चौकटीबी काढून आणल्या व्हत्या," ती म्हणाली, "बैलगाडीत घालून." आणि वही ओढून तिनं सावकाश इंग्रजीत लिहिलं: पाण्यानं आमचं गाव उपटलं, माझ्या बापानं ते माळावर पुन्हा लावलं. मी फक्त एक स्पेलिंग दुरुस्त केलं. वर्गातल्या कुणाला असं वाक्य सुचलं नसतं, मलाही नाही.

इंदापूरच्या केंद्रावर अब्बांनी तिला मोटारसायकलवरून नेलं. माझ्याहूनही लहान पोरींत बसून तिनं पेपर दिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "गावावर निबंध आला व्हता. लिवलं समदं."

ती पास झाली, आणि इंग्रजीत गणितापेक्षा जास्त मार्क पडले. अब्बांनी त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर आधी पेढा ठेवला, मग जाळं दाखवलं.

आता मी कळसच्या शाळेत इंग्रजी शिकवते. लग्नाकार्यात बायका माझी ओळख करून देतात, "ही इंग्रजीची मॅडम." मग मी अम्मीला पुढं करते आणि सांगते, "ही माझी पहिली विद्यार्थिनी."