मिठाईचा खोका घेऊन डेटा सेंटरमध्ये घुसले

मंडळी, आज मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये चोरून घुसायला गेले होते. घाबरू नका, कामच आहे माझं! सिक्युरिटी किती पक्की आहे ते बघायला मालकांनीच बोलावलं होतं.

उंच कंपाउंड, जागोजागी कॅमेरे, दारं बोटाच्या ठशाने उघडणारी. माझा पास फक्त रिसेप्शनपुरता. मी जवळच्या कॅम्प पाचच्या बाजारातून घेतलेला मिठाईचा मोठा खोका दोन्ही हातांत धरला आणि जेवून परतणाऱ्या लोकांच्या मागे निघाले. एका साहेबांनी स्वतःचं बोट लावून माझ्यासाठी दार धरलं. "या मॅडम, सांभाळून!"

पुढे सर्व्हर रूम. आत कितीतरी पेशंटचे रिपोर्ट साठवलेले. दाराशी तिथली इंजिनिअर स्वाती भेटली.

"ताई, जरा उघडता का? हात भरलेत हो."

ती छान हसली. खोका माझ्याकडून घेऊन टेबलावर ठेवला. "झाले की हात मोकळे! आता लावा बोट."

माझं बोट कुठलं चालायला! अखेर कोणीतरी अडवलं म्हणून मी जाम खूश. ओळख सांगितली, मग सगळ्यांनी मिळून मिठाई संपवली.

भिंती, कॅमेरे हवेतच. पण हसतहसत अडवणारंही कोणीतरी हवं, असं आज फार वाटलं.

तुमच्या ऑफिसात अनोळखी माणूस दिसला तर "आपण कोण?" असं विचारता, की संकोच वाटतो?