हात आवरणारा माणूस

कासारवाडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणायचे. बावीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढलेला हा माणूस आता आयटीआयत शिकवण्याचं सर्टिफिकेट घ्यायला निघाला होता. कामाचा अनुभव धरून प्रवेश मिळाला होता, पण शेवटी परीक्षकांसमोर पाठ घ्यायचा होता.

"व्हर्नियर वाचता येतंय का रे तुला?" त्यांनी एकदा पिशवीतून माप घ्यायचं ते यंत्र काढत विचारलं.

"नाही. नववीतच शाळा सुटली माझी," मी घाबरतच म्हणालो.

"मग तूच पायजेस मला!"

नांदेडहून इथं आल्यापासून मला काही येत नाही, हे असं कुणाला हवंसं वाटलं नव्हतं. रोज भाऊ ते व्हर्नियर माझ्या हातात द्यायचे. मी चुकलो की त्यांचा हात पुढं यायचा, आणि लगेच ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे.

"मास्तर, हजेरी घ्या की राव!" मागून कुणीतरी ओरडायचं.

"बावीस वर्षं पोरांच्या हातातलं काम ओढून घेतलं," ते मला म्हणाले. "शिकवायचं म्हंजे हे हात आवरायचे. लई अवघड हाय बघ."

महिन्याभरानं ते पास झाले. तोवर मलाही माप बरोबर वाचता येऊ लागलं होतं. सर्टिफिकेट त्यांनी बसमध्ये सगळ्यांत आधी माझ्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी मी गावी फोन लावला. "आई," म्हणालो, "मी एका मास्तरला पास केलं."