माहेरचं नाव, सासरचं नाव

नर्सिंग शिकून मी अकोल्याच्या दवाखान्यात नुकतीच लागले होते. बायकांच्या वॉर्डात पेनिसिलिनचं इंजेक्शन भरलं आणि केसपेपरवरचं नाव पुकारलं. कोणीच ओ दिली नाही. केसपेपरवर लिहिलेली खाट तर तीच होती. तिच्यावर तापाने मलूल झालेली, अकोटकडची एक नवी नवरी पडली होती.

"हे तुझंच नाव ना?" मी विचारलं.

उशाशी बसलेली तिची आई म्हणाली, "हे माह्या पोरीचं नाव नाही जी." आणि तिने दुसरंच नाव सांगितलं.

तेवढ्यात डबा घेऊन सासू आली. "कावून नाही? लग्नात आमीच ठेवलं ना हे नाव!"

नाव पटल्याशिवाय सुई टोचायची नाही, हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. पण दोन नावांच्या बाईचं काय करायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. मी पुन्हा तिलाच विचारलं. तिने आईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कोनतं सांगू?"

सिरिंज ट्रेमध्ये ठेवून मी डॉक्टरांना बोलावून आणलं. सकाळी त्यांनीच तिला तपासलं होतं. "हीच ती," ते म्हणाले, तेव्हा कुठे मी इंजेक्शन दिलं. केसपेपरवर त्यांनी दोन्ही नावं लिहायला लावली, म्हणून सासू दिवसभर फुगून बसली.

ताप उतरून घरी जाईपर्यंत ती नव्या नावाला ओ देऊ लागली; पण आधी शेजारच्या खाटेवरची कोणी ओ देते का ते बघून.