काकांनी कमी करून घेतलेला पल्ला

आमच्या शेजारच्या काकांइतका न्यायी माणूस अख्ख्या फ्रीमाँटमध्ये सापडणार नाही, आणि देव करो, दुसरा सापडूही नये. काका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. काकू गेल्यापासून टाउनहाउसमध्ये एकटेच असतात, त्यामुळे त्यांच्या न्यायबुद्धीला आवर घालणारं कुणी उरलेलं नाही. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला रांगेतल्या पुढच्यांनी श्रीखंड फस्त केलं, की पुढच्या वेळी काका रांग उलट्या टोकाने सुरू करणार. कॅरममध्ये जिंकणाऱ्याने पुढचा डाव डाव्या हाताने खेळायचा, हा नियमही त्यांचाच. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, हरणाऱ्याला हरू द्या की!" तर म्हणाले, "हरू दे गं, पण हरताना मजा आली पाहिजे."

अशा माणसाच्या हाती मुलाने कंप्युटरवरचा लढाईचा खेळ दिला. मुलगा हर्नडनला, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला. फोनवर बापलेकाचं बोलणं "कसा आहेस?" आणि "गुड" यात आटपायचं. पण शनिवारी दुपारी दोघं आपापल्या अवाढव्य लोखंडी यंत्रमानवात बसून, जगभरच्या पोरांच्या गर्दीत एकमेकांवर तुटून पडायचे, आणि हेडफोन लावून भरभरून बोलायचे. "जेवलास का रे?" "येस बाबा. लेफ्टला बघा, आय ॲम फायरिंग!" शत्रूला सावध करून मग मारणारं असं घराणं दुसरं नसेल.

मुलगा टेकडीवर ठाण मांडून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडायचा. काकांचं यंत्र जाडजूड आणि संथ. ते टेकडीपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळायचं. "लांबून कसला मारतोस? जवळ येऊन मार!" काका ओरडायचे आणि मुलगा खदखदून हसायचा. शेवटी काकांची न्यायबुद्धी खवळली. पुलावरच्या भाराचं गणित मांडावं तसे आलेख काढून त्यांनी खेळाच्या कंपनीला पत्रांवर पत्रं धाडली. तक्रार करणारे आणखीही असणार, पण एका अपडेटमध्ये कंपनीने त्या क्षेपणास्त्रांचा पल्ला निम्म्यावर आणला, आणि काकांनी सगळ्या शेजाऱ्यांना पेढे वाटले.

त्या शनिवारी मुलाला नाइलाजाने टेकडी उतरून जवळ यावं लागलं. काकांनी त्याला आडवा केला. पुन्हा केला. सारखा करत राहिले. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "धिस इज नो फन एनीमोर, बाबा. आय ॲम डन." त्यानंतर तो खेळात आलाच नाही.

परवा शनिवारी मी डबा द्यायला गेले, तर काका खेळत होते. खेळत कसले, त्यांचं यंत्र टेकडीसमोरच्या मोकळ्या मैदानात नुसतं उभं होतं. पल्ला पहिल्यासारखा करा म्हणून त्यांनी आता कंपनीला उलटं पत्र लिहिलंय. उत्तर नाही.

"अहो काका, आडोशाला तरी जा. कुणीही मारेल."

"मारू दे."

"त्याला फोन करा ना."

"करतो की. गुड म्हणतो."

मग स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "लांबून मारायचा गं, पण एवढ्या गर्दीत मलाच शोधून मारायचा."

डबा ओट्यावर ठेवून मी त्यांच्या शेजारी बसले. टेकडीवर कुणीच नव्हतं.