मिनाकुऱ्याचे पहिले मतदार

मतपेटी रिकामी आहे याची खात्री मिनाकुरा गावाच्या वतीने गेली चौतीस वर्षं उसुई तामेकिची करत आले होते. मतदान सकाळी सातला सुरू होतं. त्याआधी केंद्रावरचा अधिकारी पेटीचं झाकण उघडून पहिल्या मतदाराला आत दाखवतो, मतदार मान डोलावतो, आणि मग कुलूप लागतं. कायदाच तसा आहे. निवडणूक संसदेची असो, प्रांताची असो की गावप्रमुखाची, चार नंबरच्या केंद्रावर सलग एकावन्न वेळा डोललेली मान उसुईंची होती.

पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेल्या माणसाला एवढा मान पुष्कळ झाला. मध्यंतरी गावच्या न्हाव्याने त्यांच्याशी चढाओढ लावली होती, तेव्हा उसुईंना पहाटे चारलाच निघावं लागे. सहा वर्षांपूर्वी न्हावी वारला. अंत्ययात्रेत उसुई ढसाढसा रडले, आणि पुढच्या निवडणुकीपासून दीड तास जास्त झोपू लागले.

त्यांचं दुसरं काम तरुणांना मतदानाला आणण्याचं. गावच्या मतदान प्रसार समितीचे ते बारा वर्षं सभासद होते. स्टेशनाबाहेर उभं राहून ‘तुमचं मत, तुमचं उद्या’ असं छापलेली कागदी रुमालांची पाकिटं ते वाटत. पोरं पाकीट घेत, नाक पुसत आणि शहराची गाडी पकडत. वर्षातून एकदा हायस्कुलात उसुईंचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान असे. त्यातली दहा मिनिटं लोकशाहीला जात आणि तीस पेटीला.

“त्या रिकाम्या पेटीत डोकावताना,” ते मुलांना सांगत, “सगळा देश तुमच्या खांद्यावरून वाकून बघत असतो.”

मुलं शांतपणे ऐकत. बरीचशी डोळे मिटून ऐकत.

फेब्रुवारीत गावप्रमुखाची निवडणूक आली. गुडघाभर बर्फ होता. उसुई नेहमीप्रमाणे साडेपाचला केंद्रावर पोचले. केंद्र म्हणजे मुलंच उरली नाहीत म्हणून बंद पडलेल्या शाळेचा हॉल. दाराशी टोपीवर बर्फ साचलेली एक मुलगी उभी होती.

“बस इथे थांबत नाही, बाळ,” उसुई म्हणाले.

“मी मतदानाला आलेय, आजोबा. मी तोगाशी मिओरी. तुम्ही शाळेत आला होता ना? पेटीचं सांगितलं होतं?”

उसुईंनी घड्याळ पाहिलं. “कधी आलीस?”

“पावणेपाचला.”

“नाश्ता केलास का? रिकाम्या पोटी चक्कर येते. घरी जाऊन ये खुशाल, सातला बराच वेळ आहे.”

“भाताचे गोळे आणलेत. एक घ्या ना.”

उसुईंनी घेतला. लोणच्याचं आंबट आलुबुखार घातलेला तो गोळा चांगला झाला होता, आणि त्यामुळे त्यांना आणखीच वाईट वाटलं. बारा वर्षांत त्यांच्या प्रयत्नांनी आलेला हा पहिला तरुण मतदार होता, आणि तो नेमका त्यांच्या पुढे उभा होता.

साडेसहाला निवडणूक कार्यालयातला होरीगोमे आला. त्याने आधी मुलीकडे पाहिलं, मग उसुईंकडे, आणि मग कुठेच न बघता दाराचं कुलूप काढलं.

सातला दोन मिनिटं कमी असताना मिओरी वळली. “आजोबा, तुम्ही पुढे व्हा. तुमचा मान आहे.”

याच वाक्याची उसुई दीड तास वाट बघत होते. पण मिनाकुऱ्यात दिलेली वस्तू पहिल्या खेपेला कोणी घेत नाही. पहिल्यांदा ‘छे छे’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘कशाला उगाच’ म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला नाइलाज झाल्यासारखं वाकून घ्यायचं. चहापासून जमिनीपर्यंत सगळे व्यवहार तिथे याच वाटेने होतात.

“छे छे,” उसुई म्हणाले, “तू आधी आलीस.”

“बरं,” मिओरी म्हणाली, आणि आत गेली.

होरीगोमेने डोळे मिटून घेतले. तो याच गावचा होता.

“उसुईसान, तुम्हीही बघा ना पेटी,” तो हळूच म्हणाला. “दोघांनी बघितली तर काही बिघडत नाही.”

“फक्त पहिल्या मतदाराने बघायची असते,” उसुई म्हणाले. यातलं ‘फक्त’ कायद्यात नव्हतं. तेवढा नियम त्यांनी स्वतःच केला होता, तेव्हा मोडणार कसा?

मिओरीने पेटीत नुसतं डोकावलं नाही. तिने कोपरापर्यंत हात घातला. फोनचा उजेड पाडून चारही कोपरे पाहिले. “ही उलटी करता येईल का?” असं विचारलं, आणि होरीगोमेने ती उलटी केली. बुडाला दुसरी फट आहे का, कुलपाच्या किल्ल्या किती आणि दुसरी कोणाकडे असते, हेही तिने विचारून घेतलं. “काही नाही आत,” तिने जाहीर केलं तेव्हा सात वाजून तीन मिनिटं झाली होती.

उसुई मागे उभे होते. एकावन्न वेळा त्यांनी दोन हातांवरून, पाठ ताठ ठेवून आतला अंधार पाहिला होता. तो त्यांना नेहमीच समाधानकारक वाटला होता.

घरी बायको किनुए नाश्त्याला थांबली होती. झाला प्रकार तिने ऐकून घेतला.

“बारा वर्षं पोरांना या या म्हणत होता. आली एक, तर तोंड एवढंसं!”

“यावं ना. पहिलंच यावं असं कुठे म्हटलं होतं मी?”

“तसं पाकिटावर छापून घ्या पुढच्या वेळी.”

पुढच्या आठवड्यात आकडे जाहीर झाले. चार नंबरच्या केंद्रावर अठरा-एकोणीस वयाचं मतदान शंभर टक्के झालं होतं. त्या वयाचं त्या भागात एकच माणूस होतं. सगळ्या प्रांतात असा आकडा दुसरीकडे कुठे नव्हता. समितीने उसुईंना प्रशस्तिपत्र दिलं.

मार्चअखेर मिओरी त्यांना स्टेशनात भेटली. ती सेंदाईला नर्सिंग शिकायला निघाली होती.

“पण नाव मी इथेच ठेवणार आहे, आजोबा. दर निवडणुकीला आदल्या दिवशी घरी येईन. मला ते आवडलं.”

शिकायला गेलेल्या मुलांनी नोंदणी नव्या गावी करावी, नाहीतर मतदान राहून जातं, हे समितीच्या पत्रकातलं तिसरं कलम. ते उसुईंनी शेकडो मुलांना सांगितलं होतं, पण मनापासून सांगण्याची वेळ आजच आली. गाडी येईपर्यंत ते बोलत राहिले. जिथे राहतो तिथल्या रस्त्यांवर, दवाखान्यांवर, बसभाड्यावर आपलं मत असायला हवं, नुसत्या आठवणीपायी गावाला धरून राहणं म्हणजे लोकशाही नव्हे, असं ते म्हणाले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं व्याख्यान ठरावं.

“पटलं,” मिओरी म्हणाली. “सोमवारीच तिथे नाव घालते. आणि तिकडेही पहिली जाईन बघा!” तिने खिडकीतून बराच वेळ हात हलवला. उसुईंनीही हलवला, जरा जास्तच उत्साहाने.

जुलैत संसदेची निवडणूक झाली. उसुई साडेपाचला पोचले. दाराशी कोणी नव्हतं. होरीगोमे आला आणि कागद लावताना म्हणाला, “तरुणांचा रकाना या वेळी कोरा आहे, उसुईसान. शून्यही लिहिता येत नाही. शून्य म्हणजे मतदार आहेत पण आले नाहीत. इथे आता त्या वयाचं कोणीच नाही.”

“मग काय लिहितात?”

“आडवी रेघ मारतात.”

घरी आले तेव्हा किनुए वाटाणे सोलत बसली होती.

“मिळाला का नंबर?”

“पहिलाच.”

“आणि दुसरं कोण होतं?”

“नऊपर्यंत कोणी आलं नाही,” उसुई म्हणाले.

मत द्यायला पाच मिनिटं लागतात. नऊपर्यंत तिथे काय करत होता, हे किनुएने विचारलं नाही. तिने निम्मे वाटाणे त्यांच्यापुढे सरकवले.