रिपॉझिटरीचा दसरा

"मॅडम, समदं ऑफिस झालं. आता तुमच्या त्या रिपॉझिटरीचा दसरा तेवढा ऱ्हायला," पतंगे साहेब म्हणाले. मला वाटलं, ते गंमत करतायत. पण साहेब गंमत करत नसत, ती त्यांच्या हातून आपोआप होत असे.

हिंगोलीत एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. पतंगे साहेब मालक. त्यांचा मेहुणा विलास प्रोजेक्ट मॅनेजर, शिक्षण बी.ए., पात्रता मेहुणा. प्रत्यक्ष काम करायला मी आणि आणखी दोघंतिघं. आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून गावी परतले होते. हिंगोलीत राहून प्रोग्रामिंग करता येईल अशी ती मला माहीत असलेली एकच जागा होती. ती बंद पडली तर पुन्हा बॅग भरून पुणं, आणि आईला कुणाच्या तरी भरवशावर टाकणं. त्यामुळे साहेबांचं मी बरंच ऐकून घेत असे.

आता रिपॉझिटरी म्हणजे काय ते सांगते. सॉफ्टवेअर ज्या मजकुरातून बनतं त्याला कोड म्हणतात. तो ठेवायचं कोठार म्हणजे रिपॉझिटरी. या कोठाराची खुबी अशी की आज तुम्ही कोड बदललात तरी कालचा, परवाचा, तीन वर्षांपूर्वीचा कोड तिथे जसाच्या तसा राहतो. आमचं कोठार ऑफिसात नव्हतं, परदेशातल्या एका कंपनीच्या मशीनवर भाड्याने घेतलेलं होतं. तिची वेबसाइट आमच्या इंटरनेटवर उघडेपर्यंत चहा होऊन जाई. म्हणून आम्ही काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून काम करायचो. एक कमांड दिली की नवं कोठार तयार, दुसरी दिली की नाहीसं. मध्ये 'साहेब, विचार केलात का?' असं विचारणारा जिवंत माणूस कुणी नाही.

आणि दसरा काढणं म्हणजे आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी होणारी मोठी साफसफाई. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सगळं अंगणात काढायचं, घर धुऊन घ्यायचं, वाळवायचं आणि सामान परत आत लावायचं. फाटकंतुटकं असेल ते फेकून द्यायचं. घरासाठी फार उत्तम पद्धत आहे.

"साहेब, रिपॉझिटरीला धूळ बसत नाही," मी म्हटलं.

"धूळ न्हाई, पण अडगळ हाय ना! तीन-तीन सालाचं जुनं काहून सांभाळून राहिलो आपण? ताजं तेवढं बाहेर काढायचं, कोठार पुसून घ्यायचं, मंग ताजं परत भरायचं. शिंपल हाय."

"जुनं कधी लागलं तर?"

"मॅडम, तुमच्यात दसरा काढत न्हाईत, म्हणून तुमाला समजंना," साहेब समजुतीने म्हणाले. आम्ही बौद्ध. आमच्या घरी दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, घर त्या निमित्तानेही साफ होतंच. पण दसरा काढण्याच्या शास्त्रात मला ऑफिसात अडाणी धरलं जाई. मी आणखी दोनदा नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात दाखवायला नांदेडला नेलं आणि तेवढ्यात विलासने दसरा काढला.

त्याने सगळं शिस्तीत केलं, हे कबूल करायला हवं. ताजा कोड आपल्या मशीनवर उतरवून घेतला. मग काळ्या स्क्रीनवर डिलीटची कमांड दिली. त्या कंपनीने एक शहाणपणा केला होता. डिलीट करण्याआधी कोठाराचं नाव पूर्ण टाइप करून मागत. विलासने ते एकही चूक न करता टाइप केलं. एरवी त्याच्या एका ईमेलात पाच चुका असायच्या. मग नवं कोठार उघडलं, त्यात ताजा कोड भरला आणि सगळ्यांना पेढे दिले. मी परत आले तेव्हा माझ्या टेबलावरही एक पेढा होता.

मी त्या परदेशी कंपनीला ईमेल केली. उत्तर नम्र होतं: आपण नाव टाइप करून खात्री दिली होती, त्यामुळे आम्ही कायमचं पुसलं. आमची सेवा वापरल्याबद्दल आभार.

आठवडाभर काही झालं नाही. साहेब येता-जाता विचारत, "काय मॅडम, हलकं वाटून राहिलं का न्हाई?"

अष्टमीला आखाडा बाळापूरहून फोन आला. तिथले नारायणशेठ, त्यांची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. शेतकऱ्याची गाडी काट्यावर उभी राहिली की वजन थेट कॉम्प्युटरवर येतं आणि पावती छापली जाते, ते सॉफ्टवेअर आमचं. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांची कापूस खरेदी सुरू व्हायची.

"मॅडम, काट्याचा डिस्प्ले नवा बसवला," शेठ म्हणाले. "बाहेर वजन बराबर दिसते, कॉम्प्युटरवर नुसता भोपळा."

नवा डिस्प्ले वजनाचे आकडे वेगळ्या पद्धतीने पाठवत होता. दुरुस्ती एका ओळीची होती. फक्त ती ओळ आता या जगात नव्हती. शेठकडे होती आमची जुनी आवृत्ती, कारण त्यांचा कॉम्प्युटर जुना आणि त्यावर आमचं नवं सॉफ्टवेअर चालतच नसे. तिकडे चालू होता तो तयार प्रोग्राम. भाकरीतून परत पीठ काढता येत नाही. पीठ होतं कोठारात, आणि ते विलासने धुऊन टाकलं होतं.

"शेठ, नवा कॉम्प्युटर घेतला तर?" मी भीत भीत विचारलं.

"डिस्प्ले बदलला, आता कॉम्प्युटर बदला, उद्या म्हणसाल शेठ बदला! हे बघा मॅडम, दसऱ्याला माझ्या दारात गाड्या उभ्या ऱ्हातील. लोकायची तकलीफ मी पाह्यची का? चाललं तर ठीक. न्हाई तर नांदेडवाले येऊन बसलेच हायेत."

नांदेडवाले म्हणजे दुसरी कंपनी. शेठ गेले की त्यांच्या मागोमाग बाकीच्या जिनिंगवाल्यांनीही जायचं, हा आमच्या भागातला रिवाज. मग खताच्या दुकानाच्या वर खताचं गोडाऊन होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला खरोखर रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि कामाला लागले.

कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर कोडची एक प्रत असते. मी त्यातलं एकेक मशीन उघडून बघितलं. सगळीकडे ताजाच कोड. कारण रोज सकाळी आल्या आल्या 'अपडेट' ही कमांड द्यायची, म्हणजे आपली प्रत कोठाराइतकी ताजी होते, हा नियम मीच घातला होता. प्रत्येक मॉनिटरवर तशी चिठ्ठीही मीच चिकटवली होती. माझी माणसं इतकी आज्ञाधारक आहेत याचा त्या दिवशी पहिल्यांदा संताप आला.

साहेबांना सगळं सांगितलं. ते विचार करून म्हणाले, "विलासला मी म्हणलंच व्हतं, जरा सांभाळून कर."

विलासने छताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रांची, अवजारांची पूजा करतात आणि त्यांना कामाला लावत नाहीत. आमची अवजारं म्हणजे कॉम्प्युटर. सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. साहेबांचा पीसी पूजेत मधोमध. तो तेवढा चालू ठेवायचा, कारण बंद स्क्रीनची पूजा साहेबांना अशुभ वाटे. आमच्या सॉफ्टवेअरची पहिली स्क्रीन लावून ते आरती करत होते. मी मागे उभी राहून पुण्याला कुणाकुणाला फोन करायचे ते मनात ठरवत होते.

आरतीचं ताट वर गेलं आणि माझी नजर स्क्रीनवर गेली. स्क्रीन हिरवी होती.

आमची पहिली स्क्रीन निळी होऊन जमाना झाला होता. हिरवी होती ती नारायणशेठच्या वेळची. याच पीसीवर कोड उतरवून शेठना डेमो दाखवला होता आणि तीच आवृत्ती बाळापूरला बसवली होती. साहेब कोड लिहीत नसत, म्हणून त्यांचं मशीन उघडून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

"साहेब, तुम्ही अपडेट कधी केलंत?"

"कसलं अपडेट?" साहेबांनी ताट खाली घेतलं.

चिठ्ठी त्यांच्याही मॉनिटरवर होती. तिच्यावर त्यांनी झेंडूचं फूल खोचलं होतं. तीन वर्षांत त्यांनी ती कमांड एकदाही दिली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना नमस्कार करणार होते, पण त्यांनी तो मनावर घेतला असता.

"साहेब, कोड इथे आहे. मला बसू द्या."

"आज?" साहेब दचकले. "मॅडम, मशीन पूजेला बसलंय. आज हात लावायचा न्हाई. उद्या मुहूर्त झाल्यावर बघू."

"मुहूर्तालाच तर लागतंय. आणि हात तुम्ही लावू नका, मी लावते. आमच्यात खंडेनवमी नसते, तुम्हीच म्हणता ना?"

साहेबांनी आरतीचं ताट टेबलावर ठेवलं. "हे बराबर हाय," ते शेवटी म्हणाले आणि खुर्ची सरकवली.

कीबोर्डावरचं कुंकू फुंकून मी बसले. तेवढ्यात साहेब वाकले. "मंग देऊ का आता ते अपडेट?"

"हात लावू नका!" मी ओरडले. विलासच्या हातातला प्रसाद सांडला. खरं तर कोठारच बदललं होतं, नुसती एरर आली असती. पण साहेबांच्या बाबतीत जोखीम घ्यायची नसते.

मी आधी ते फोल्डर सीडीवर उतरवलं, मग दुसरी सीडी केली. काळ्या स्क्रीनवरून एक वेगळं कोठार उघडून त्यात सगळं चढवलं. लाइट गेली, आली, परत गेली. इन्व्हर्टरने इज्जत राखली. मग ती एक ओळ बदलली. दसऱ्याला सकाळी पहिल्या बसने बाळापूर गाठलं. शेठनी नारळ फोडला, पहिली गाडी काट्यावर चढली आणि बाहेरचा आकडा न् कॉम्प्युटरवरचा आकडा एकच आला. शेठ एवढंच म्हणाले, "मंग परवा काहून घाबरवत होत्या?"

साहेबांनी या प्रकरणातून योग्य तो धडा घेतला. पुढे जो भेटेल त्याला ते सांगत, "आमच्या पोरायनी समदं गमावलं व्हतं. माझ्या पीसीवर सापडलं. म्हणून म्हणतो, सारखं सारखं अपडेट करायचं नसतंय."

माझाही धडा झाला. बॅकअप दोन प्रकारचा असतो: एक शिस्तीने घेतलेला, दुसरा आळसाने राहिलेला. पहिल्याची सोय मी त्याच आठवड्यात केली. कोठाराचा पासवर्डही बदलला, तो विलासला अजून माहीत नाही. साहेबांच्या मॉनिटरवरची चिठ्ठी मात्र काढून घेतली.

त्या दसऱ्याला संध्याकाळी मी विहारातून आल्यावर आईची नजर माळ्यावर गेली. "एवढं घर साफ केलंस, मंग ती पुण्याची फाटकी बॅग कशाला ठेवली? टाकून दे की."

"राहू दे," मी म्हटलं. "पतंगे साहेब आहेत तोवर लागेल."