बाबांनी तपासलेला फॉर्म

सहा वर्षं मी डिप्रेशनची गोळी घेते आहे. घरी मात्र ती बीपीची म्हणून सांगितली आहे, कारण आमच्याकडे बीपी हा मानाचा आजार आहे.

यंदा खारघरच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी एक फॉर्म दिला. आपल्या लहानपणी आईवडील कसे वाटायचे ते आठवायचं आणि खूण करायची: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मी बेचाळीस वर्षांची बाई, पण परक्या माणसापुढे बापाची उणीदुणी काढणं जिवावर आलं. 'वडील मायेने बोलत' याला 'नेहमी' करून टाकलं. 'वडिलांची भीती वाटे' याला 'कधीच नाही'. शाळेतल्या निबंधात असतात तसे वडील तयार झाले. खरे वडील दारात चपला काढायचे तेव्हा माझे हातपाय गार पडायचे.

फॉर्म जेवणाच्या टेबलावर राहिला, तिथेच चुकलं. बाबांनी तुर्भ्याच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासला. आमच्या घरातला कुठलाही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही.

सकाळी बघते तर ते चष्मा लावून बसलेले. माझ्या खुणा एका रेघेत कापल्या होत्या, शेजारी नव्या केल्या होत्या आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी नियमाप्रमाणे बारीक सही. मायेने बोलत: कधीकधी. भीती वाटे: नेहमी. आईच्या पानाला त्यांनी हात लावला नव्हता. ते त्यांचं खातं नव्हे.

मला संताप आला. इतकी वर्षं जपलेली तक्रार त्यांनी परस्पर मंजूर करून टाकली होती. आता भांडायचं कशावरून?

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"चुकीचं भरलं होतंस. माहिती चुकली तर औषध चुकीचं देतील."

"बीपीचं औषध आहे ते."

"केमिस्टकडून मीच आणतो ना? पहिल्याच महिन्यात विचारलं त्याला."

म्हणजे सहा वर्षं माहीत होतं. मी फॉर्म ओढून घेतला. एका ओळीतली माझी खूण कापून त्यांनी जागा कोरीच ठेवली होती: 'वडिलांना माझं दुःख कळत असे.'

"हे राहिलंय," मी म्हटलं.

"कळायचं गं. पुढे काय बोलायचं ते कळायचं नाही. तसा रकाना दिलेला नाही त्यांनी."

मी तिथेच, त्यांच्यासमोर रडले. बाबा उठून गेले नाहीत.